मध्ये आलेला हात

आई काही बोलली नाही. नुसता हात मध्ये घातला. धाकट्या बहिणीचं बाळ अकरा दिवसांचं होतं, दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी घट्ट मिटलेल्या, आणि मी त्याच्या कपाळाचा पापा घ्यायला वाकले होते. ओठ टेकले ते आईच्या हातावर. हात कोरडा होता, शिरा वर आलेल्या, साबणाचा वास येत होता. काय झालं ते मला क्षणभर कळलंच नाही. मग तिने माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिथे परवापासून पाणी धरलेल्या चार बारीक फोडांचा घोस आला होता. ‘अगं हो, विसरलेच,’ असं काहीतरी पुटपुटून मी सरळ झाले. बहीण उशी नीट करत होती, तिने पाहिलं की नाही कोण जाणे. बाळाने जांभई दिली. पुढचा तासभर मी त्याच खोलीत पण दोन हात लांब खुर्चीवर बसून होते आणि उगाचच खूप बोलत होते.

आईचं बरोबर होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. चुकीच्या वेळी चुकीच्या माणसाने केलेला अपमान आपण दोन दिवसांत विसरतो, कारण त्याच्यावर रागावता तरी येतं. इथे रागावायला जागाच नव्हती. तरी घरी परतताना ओठावर जीभ फिरवत मी मनातल्या मनात आईशी भांडतच होते. तोंडाने सांगता आलं नसतं का? मी काय परकी आहे? आणि मग, जरा वेळाने, खालच्या आवाजात: मी खरंच विसरले होते?

विसरणं कठीण असतं खरं तर. हे फोड येण्याआधीच आपली वर्दी देतात. पहिल्या दिवशी आरशात काही दिसत नाही. ओठाची एक कड नुसती हुळहुळायला लागते, मुंगी चालून गेल्यावर तिची वाट तेवढी उरावी तशी. चहाचा कप तिथे टेकला की जरा जास्तच गरम लागतो. रात्रीपर्यंत जागा टचटचीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस उंचवटा, आणि दुपारपर्यंत त्यावर मोहरीएवढे फोड, एकमेकांना चिकटून, आत पाणी. भिंगाच्या आरशात पाहिलं तर पाणी आधी निवळ असतं, मग गढूळ होत जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोड फुटतात आणि मधासारखं काहीतरी वाहून सुकतं. खपली धरते. हसलं की खपली चिरते, म्हणून माणूस आठवडाभर अर्ध्या ओठाने हसतो. आठ-दहा दिवसांत सगळं जातं, व्रणही राहत नाही. माझं हे विशीच्या आधीपासून चालू आहे. जागा तीच, उजवा कोपरा. इतकी वर्षं मी त्याला ‘ताप बाहेर पडला’ एवढंच म्हणत आले. त्या रात्री पहिल्यांदा मी त्याच्याबद्दल नीट वाचायला बसले. जिच्यामुळे मला बाळापासून दूर बसावं लागलं ती गोष्ट निदान ओळखीची तरी असावी, असं वाटलं.

नावापासूनच मजा सुरू झाली. हर्पीस हा ग्रीक शब्द, सरपटणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. कातडीवर सरकत पसरणाऱ्या जखमांना हिप्पोक्रेटिसच्या काळापासून हा शब्द वापरात आहे. आणि हे ग्रीक क्रियापद व आपला ‘सर्प’ हे एकाच मुळाचे. आपल्याकडे शब्दाच्या सुरुवातीला जिथे ‘स’ राहिला, तिथे ग्रीकांनी ‘ह’ केला. सप्तचं हेप्टा झालं तसं. म्हणजे हर्पीस आणि सर्प चुलत भावंडं. या घराण्यातला दुसरा एक विषाणू लहानपणी कांजिण्या आणतो आणि म्हातारपणी, झोपेतून उठल्यासारखा, कंबरेला पट्टा घालतो. त्याला मराठीने नागीण म्हटलं ते या व्युत्पत्तीची कसलीही खबर नसताना. दोन भाषांनी वेगवेगळ्या काळी तीच वळवळ पाहिली आणि त्याच जनावराचं नाव ठेवलं. माणसांना लागणारे हर्पीस विषाणू एकूण नऊ. माझ्या ओठावरचा तो हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी माणसांत तो आहे, म्हणजे शंभरातल्या चौसष्टांत. बहुतेकांना पत्ताही नसतो. हा आकडा वाचून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाप सगळ्यांचं असलं म्हणून आपलं कमी होत नाही, असा काहीतरी विचित्र हिशेब मनात चालू होता.

मग मी त्याचं आत शिरणं वाचलं. ते तीनदा वाचलं.

हा कण इतका लहान की एका मिलिमीटरच्या रेघेत पाच हजार मावतील. सर्वांत आत डीएनए, त्याभोवती वीस बाजूंचं प्रथिनांचं कवच, कवचाभोवती आणखी प्रथिनांचा एक दाट थर, आणि सगळ्यावर चरबीचं पातळ वेष्टन. हे वेष्टन त्याने आधीच्या पेशीतून निघताना तिच्याच पडद्यांतून उचललेलं असतं. वेष्टनावर डझनभर प्रकारची प्रथिनं खिळ्यांसारखी उभी. आपल्या पेशींच्या अंगावर हेपरन सल्फेट नावाच्या साखरेच्या लांबलांब साखळ्या लोंबत असतात, पाण्यातल्या शेवाळासारख्या. विषाणू आधी या शेवाळात अडकतो. ही पकड सैल असते, सुटूही शकते. पण तेवढ्यात त्याच्या अंगावरचं ‘जीडी’ नावाचं एक प्रथिन आणखी काहीतरी चाचपत असतं. त्याला हवं असलेलं, पेशीच्या अंगावरचं नेक्टिन नावाचं प्रथिन सापडलं की मग माघार नाही. जीडीचा आकार बदलतो, ते शेजारच्या प्रथिनांना इशारा देतं, त्यातलं शेवटचं पेशीच्या पडद्यात घुसून स्वतःला मधोमध दुमडतं, आणि त्या ओढीने विषाणूचं वेष्टन नि पेशीचा पडदा जवळ येऊन एकमेकांत मिसळतात. साबणाचे दोन फुगे टेकले की एक होतात तसे. काही फुटत नाही, भोक पडत नाही. बाहेरचा आत आलेला असतो.

या सगळ्यात मला थांबवलं ते नेक्टिनने. हे प्रथिन पेशीच्या अंगावर मुळात कशासाठी असतं? शेजारच्या पेशीला धरून ठेवण्यासाठी. कातडीतल्या, तोंडाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्यात नेक्टिनचा हात असतो. अगदी शब्दशः हात: इकडच्या पेशीचं नेक्टिन तिकडच्या पेशीच्या नेक्टिनला धरतं. विषाणूने दाराचं कुलूप फोडलं नाही, कुणाचा तरी हात समजून पुढे केलेला हात धरला. विषाणूंबद्दल लिहिताना लोक लगेच लढाईची भाषा काढतात, हल्ला, शत्रू, किल्ला. माझ्या ओठाच्या कोपऱ्यात जे घडलं त्याला ती भाषा काही बसेना.

अर्थात आत आल्यावर तो काही पाहुण्यासारखा वागत नाही. पेशीत सामानाची ने-आण करायला सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि त्यावरून चालणारी डायनीन नावाची प्रथिनं असतात. कवच त्या हमालाच्या पाठीवर बसतं आणि केंद्रकापर्यंत जातं. केंद्रकाच्या दारापेक्षा कवच मोठं, ते आत मावत नाही. पण त्याची गरजच नसते. त्या कवचात दीड लाखावर अक्षरांचा डीएनए कोंबलेला आहे. तो सरळ केला तर कवचाच्या रुंदीच्या चारशे पट भरेल. इतका धागा इतक्या डबीत भरला की आत दाब तयार होतो, हवेच्या दाबाच्या वीसेक पट. २०१३ साली हा दाब मोजला गेला. दारापाशी डबीचं झाकण उघडतं आणि धागा आपल्याच दाबाने केंद्रकात सुटतो. कवच बाहेर राहतं, रिकामं. तोवर मधल्या थरातल्या प्रथिनांनी आपापली कामं सुरू केलेली असतात. एक जण पेशीचे चालू निरोप फाडत सुटतो, म्हणजे पेशीला स्वतःची प्रथिनं बनवणं जड जातं. दुसरा केंद्रकात जाऊन पेशीच्याच दोन कामगारांना हाताशी धरतो आणि विषाणूची पहिली जनुकं चालू करतो. पेशी आपल्या आत काय बनतंय त्याचे तुकडे एरवी बाहेरच्या अंगावर मांडून ठेवते, गस्तीवरच्या पेशींना दिसावेत म्हणून. विषाणू ते तुकडे वाहून नेणारा पंपच तुंबवतो. खिडकीचा पडदा ओढून घ्यावा तसं. मग आत निवांत छपाई. दिवसभरात नवे कण तयार, पेशी फुगून गोल झालेली, शेजारणींशी मिसळून दोन-चार केंद्रकांचा एक बेढब गोळा झालेली. अशा फुगलेल्या, मेलेल्या पेशींच्या थरात पाणी साचतं, आणि त्याला आपण फोड म्हणतो. त्या निवळ थेंबात काय असतं ते कळल्यावर मी भिंगाचा आरसा पालथा ठेवला.

माझ्या डीएनएच्या वीस हजारांश लांबीचा मजकूर, सुमारे ऐंशी जनुकं, आणि त्याला माझ्या पेशींबद्दल मला ठाऊक असलेल्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. हे वाचताना माझ्या मनात कौतुक होतं, हे कबूल करायला मला जरा ओशाळं वाटतं.

पण फोड हा या गोष्टीचा किरकोळ भाग आहे. खरी गोष्ट फोड सुकल्यावर सुरू होते. कातडीत चेतातंतूंची टोकं पसरलेली असतात, ज्यांच्यामुळे गरम चहा गरम लागतो. पहिल्या संसर्गात काही विषाणू त्या टोकांत शिरतात. चेतातंतू म्हणजे एकाच पेशीचा लांब हात. ओठात बोटं, आणि खांदा पार कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी. तिथे चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या पेशींचा एक गुच्छ असतो, ट्रायजेमिनल गँग्लियन. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. विषाणू तंतूतल्या रुळांवरून उलटा प्रवास करत तिथे पोचतो, डीएनए केंद्रकात सोडतो, धाग्याची दोन टोकं जुळून कडं होतं. आणि मग तो काही करत नाही. छपाई नाही, फोड नाही, प्रथिनं जवळपास नाहीत. मागमूस म्हणून तो एक-दोन निरोप तेवढे खरडत राहतो, ज्यांचं प्रथिनात रूपांतर होत नाही. चेतापेशी विभागत नाहीत, सहसा मरत नाहीत, जन्मभर पुरतात. लपायला याहून पक्की जागा शरीरात नाही. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट गुडपास्चर यांनी १९२९ साली हे मांडलं होतं, की विषाणू फोडांच्या मधल्या काळात चेतापेशींत दडून बसत असावा. मेलेल्या माणसांच्या ट्रायजेमिनल गँग्लियनमधून तो प्रत्यक्ष वाढवून दाखवायला १९७२ उजाडलं. ज्यांच्यातून तो निघाला त्यांच्या ओठावर त्या वेळी काही नव्हतं. तो आपला झोपला होता, माणूस गेल्यावरही.

म्हणून जागा तीच, उजवा कोपरा. माझ्या उजव्या कानापुढे काही पेशी आहेत ज्यांचा हात बरोबर त्या कोपऱ्यात उघडतो. ऊन, ताप, जागरण, काळजी यांतलं काही जास्त झालं की तो उठतो आणि आलेल्या वाटेने परत खाली येतो. पहिली हुळहुळ म्हणजे त्याची चाहूल. ताणाच्या वेळी चेतापेशीच्या आत जे रासायनिक इशारे फिरतात त्यांच्याकडे त्याचा कान असतो म्हणे. बारावीच्या परीक्षेत मला फोड आले होते. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी आले होते. बाबा गेले त्या आठवड्यात आले होते, आणि तेव्हा ते कुणालाच दिसले नाहीत, मलाही नाही. नंतर एका फोटोत मी बसलेली दिसते, केस विस्कटलेले, ओठाच्या कोपऱ्यात काळपट खपली. लोक म्हणत होते, ही किती धीराने घेते आहे. रडले नव्हते मी तोवर. कानापुढच्या त्या कड्याला मात्र कळलं होतं.

आता सरळ प्रश्न. मला तो दिला कुणी?

हा विषाणू हवेतून उडत येत नाही. लाळेतून येतो, ओठाला ओठ, ओठाला गाल. बहुतेकांना लहानपणीच मिळतो आणि देणारी व्यक्ती बहुतेकदा घरातलीच असते. लहानपणाच्या माझ्या मोजक्या लख्ख आठवणींतली एक अशी: आई तापातून उठली आहे, भिंतीला टेकून बसली आहे, मी तिच्या मांडीवर. मी चार-पाच वर्षांची असेन. तिच्या ओठावर खपली आहे आणि मला तिचं फार नवल वाटतंय. मी बोट लावते. ‘नको गं, दुखतं,’ म्हणून ती माझं बोट धरते, आणि धरलेल्या बोटाचाच पापा घेते. इतकंच. पुढचं काही आठवत नाही. त्यानेच झालं असं म्हणण्यात अर्थ नाही. ती माझा घास आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची, फार गरम तर नाही ना म्हणून, आणि असे घास हजारो असतील. शिवाय फोड नसतानाही विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो, कुणालाही न कळता. तेव्हा नेमका दिवस, नेमका पापा शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही.

माग काढणारे काढतात मात्र, आणि कुठच्या कुठे पोचतात. २०२२ साली काही संशोधकांनी जुन्या हाडांच्या दातांतून या विषाणूचा डीएनए मिळवला. अवघी चार माणसं सापडली, सर्वांत जुनं दीड हजार वर्षांपूर्वीचं, उरल पर्वताच्या भागातलं. माझ्या लक्षात राहिला तो नेदरलँड्समधला तरुण, ऱ्हाइनच्या काठावरच्या गावचा. मातीची चिलीम ओढून ओढून त्याच्या दातांत खाचा पडल्या होत्या, आणि विषाणू नेमका त्या खाचांपाशी सापडला. १६७२च्या उन्हाळ्यात फ्रेंच फौजेने गावावर धाड घातली त्यात तो बहुधा मारला गेला. नाव गेलं, गाव गेलं, आणि ओठाच्या कोपऱ्यातली चिलमीची जागा नि तिथला विषाणू तेवढा उरला. आज फिरत असलेले प्रकार सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी जोरात पसरले असावेत, असा त्या गटाचा हिशेब आहे, आणि तेव्हाच्या स्थलांतरांबरोबर ओठांवर मुका घेण्याची रीत पसरली म्हणून तसं झालं असेल, असा त्यांचा तर्क. मुक्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा दक्षिण आशियातला, असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षभरातच दुसरे अभ्यासक मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या घेऊन आले, हजारेक वर्षांनी आणखी जुन्या. पहिला मुका कुणाचा यावरून विद्वानांत वाद व्हावा, हे मला फार आवडलं. विषाणू मात्र त्याहून पुष्कळ जुना. आपली आणि चिंपांझींची वाट वेगळी झाली, साठ लाख वर्षांपूर्वी वगैरे, तेव्हापासून तो आपल्या बाजूने चालत आला आहे. तेवढ्या काळात एकदाही साखळी तुटली नाही. म्हणजे साठ लाख वर्षं कुणी ना कुणी कुणाला ना कुणाला जवळ घेत आलं.

हे असं गोड वाटून घेण्याचा मोह होतो, आणि तिथेच आईचा हात आठवतो. कारण अकरा दिवसांच्या बाळाच्या बाबतीत यात गोड काही नाही. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ असते. मोठ्या माणसात ओठावर अडणारा हा विषाणू तिथे यकृतात, फुफ्फुसात, मेंदूत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, जगभरात लाख जन्मांमागे दहाच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक लागण बाळंतपणातच होते. पण काही थोड्यांना ती नंतर होते, एखाद्या प्रेमळ ओठातून. बहिणीलाही हा विषाणू असणार, तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळापर्यंत पोचलेली असणार, धोका त्याने कमी होतो. कमी होतो, जात नाही. मोठ्यांतही तो नेहमीच साधा राहतो असं नाही. डोळ्याच्या बुबुळावर उतरला तर झाडाच्या फांदीसारखा व्रण काढतो, पुन्हा पुन्हा उतरला तर नजर घालवतो. मेंदूत गेला, दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांत जातो, तर उपचार न मिळालेल्यांपैकी सत्तर टक्के वाचत नाहीत. त्याच दोघा-चौघांत का? सगळ्यांकडे तोच विषाणू आणि तोच गुच्छ असताना? फ्रेंच डॉक्टर ज्याँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटाने अशा काही मुलांत एकेका जनुकातला दोष शोधून काढला. मेंदूतल्या पेशींना विषाणूची वर्दी देणारी यंत्रणा तेवढी बिघडलेली. बाकी मुलं धडधाकट, सर्दी-खोकल्याला इतरांसारखीच तोंड देणारी. म्हणजे एकाच्या ओठावरची चार दिवसांची चुणचुण ही दुसऱ्याचा जीव असू शकते, आणि कुणाचं काय ते बाहेरून दिसत नाही.

औषध आहे, हे सांगायला हवं. आणि ते फार हुशार औषध आहे. असायक्लोव्हीर हा डीएनएच्या एका अक्षराचा खोटा जुळा. निरोगी पेशीत तो बहुतांशी नुसताच पडून राहतो, कारण त्याला कामाला लावायची किल्ली विषाणूच्याच एका विकराकडे असते. विषाणू जिथे जागा झालेला असतो तिथे तो स्वतःच किल्ली फिरवतो, खोटं अक्षर आपल्या धाग्यात ओवतो, आणि धागा पुढे वाढतच नाही. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चं नोबेल मिळालं. पंधरा वर्षांच्या असताना त्यांनी आजोबांना कर्करोगाने जाताना पाहिलं आणि रसायनशास्त्र धरलं. तरुणपणी बाई म्हणून प्रयोगशाळांनी नोकऱ्या नाकारल्या, पीएचडी पुरी झालीच नाही. मेंदूतल्या हर्पीसमधून आज जी माणसं उठून घरी जातात, ती बरीचशी या औषधामुळे. पण किल्ली फिरवायला विषाणू जागा असावा लागतो. झोपलेल्याला असायक्लोव्हीर काही करत नाही. कानापुढच्या गुच्छातून त्याला हुसकून लावणारं औषध अजून नाही, लसही नाही. माझ्या पर्समध्ये मलमाची छोटी ट्यूब असते, शेपटाकडून गुंडाळत आणलेली. हुळहुळ कळल्या कळल्या लावली तर एखादा दिवस वाचतो. मी बहुधा उशीर करते.

या आजाराची एक वेगळीच लाज असते, तीही सांगून टाकते. हर्पीस शब्द उच्चारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विचार चमकून जातो. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू कमरेखाली राहणं पसंत करतो, पहिलाही तिथे जाऊ शकतो, आणि लोकांच्या मनात दोघांचं मिळून एकच काहीतरी झालेलं असतं. म्हणून आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो, ‘काहीतरी चावलं’ म्हणतो. ऑफिसात एकदा एकीने विचारलं तेव्हा मी ‘ब्रश लागला’ असं सांगितलं होतं. बत्तीस दातांतून ब्रश नेमका ओठाच्या बाहेरच्या कोपऱ्याला कसा लागतो, हे तिने विचारलं नाही. तिच्याही ओठाच्या डाव्या बाजूला एक फिकट डाग आहे.

खपली पडल्यावर पंधराएक दिवसांनी मी बहिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विषय काढला, जरा हसतहसत, म्हणजे लागलंय ते कळू नये अशा बेताने. म्हटलं, आईने परवा मला चांगलीच अडवली. ती म्हणाली, ‘तुला अडवली काय? बाळ झालं तेव्हा तिच्याच ओठावर उठलं होतं. सहा दिवस तिने याला हातात घेतलं नाही. मी म्हटलं मास्क लाव आणि घे, तर तेही नाही. दारात उभी राहून बघायची. रात्री हा रडला की दारापर्यंत यायची आणि परत जायची.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तुझ्या आधी चारच दिवस घ्यायला लागली होती.’

आईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, दारात उभं राहण्याबद्दल नाही, ते काही जमलं नाही. विचारलं, लहानपणी मला कधी तोंडात फोड वगैरे आले होते का? ती लगेच म्हणाली, ‘आले होते म्हणजे! दीड वर्षाची होतीस. सगळं तोंड आलं होतं, हिरड्या सुजलेल्या, अंगात ताप. चार दिवस अन्नाला शिवली नाहीस. कापसाच्या बोळ्याने पाणी पाजलंय तुला, थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले, येतं मुलांना असं.’ तिच्या आवाजात तेव्हाची काळजी जशीच्या तशी होती. मला आता माहीत होतं की पहिल्या भेटीत काही मुलांना हा विषाणू असाच येतो, आणि ती ज्याच्याशी चार रात्री झुंजत होती तो बहुधा तिच्याकडूनच आला होता. मी ते बोलले नाही. ‘का गं, आज कसं आठवलं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, सहज.

आता बाळ आठ महिन्यांचं आहे. हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि लोकांच्या तोंडात काय आहे याची त्याला फार उत्सुकता आहे. मागच्या रविवारी मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. ओठ स्वच्छ होते, मी सकाळीच आरशात पाहून घेतलं होतं. त्याने माझा खालचा ओठ दोन बोटांत धरला, ओढला, आत डोकावून पाहिलं, सबंध मूठ माझ्या दातांवर फिरवली, आणि मी मान मागे घेईपर्यंत ती ओली मूठ आपल्या तोंडात घालून चोखायलाही लागला होता. मी आईकडे पाहिलं. ती समोरच बसली होती, कपड्यांच्या घड्या घालत. तिने सगळं पाहिलं होतं. तिचा हात दुपट्यावरून जरासा उचलला गेला, तसाच राहिला, आणि मग तिने घडी पुरी केली.